डोळ्यांचा रंग

मासे धरायचा एका दिवसाचा परवाना
गळ-आमिषाच्या दुकानात मिळतो.
गांडुळांचे डबे आणि सोडा एकाच फ्रीजमध्ये.
काउंटरवरची बाई विचारते : उंची? वजन?
डोळ्यांचा रंग?

भिकाजीकाका माझ्याकडे बघतात.
एकाहत्तर वर्षं, त्यातली निम्मी रापण ओढण्यात,
आणि हे कुणी विचारलंच नव्हतं.
मी वाकून पाहते. तपकिरी,
कडेला राखाडी-निळी रेघ,
ओहोटीनंतर वाळूवर राहते तशी.
‘ब्राऊन,’ मी सांगते. बाई टाइप करते.

तंबूपर्यंत अडीच मैल पायवाट.
वाट दाखवायला झाडांना रंगाचे पट्टे;
काका प्रत्येक झाडापाशी हळहळले :
‘हीसुद्धा तोडूक काढली?’

केंटकीतलं हे तळं मुळात नदीच,
भिंत घालून थांबवलेली.
काकांनी ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकलं. ‘अळणी.’

दुपारी बास लागला.
काकांची दीड वीत, वर बोटभर.
नियम पंधरा इंचांचा. पट्टीवर चौदा.
‘शेपूट ताणून धर गो.’
धरली. साडेचौदा.
रेंजर नव्हता कुठेच. चूल पेटली होती,
मोज्यात दडवून आणलेली तिरफळंही
बाहेर काढून ठेवली होती दगडावर.

काकांनी तो दोन्ही हातांत धरून
चेहऱ्याजवळ नेला.
इतका वेळ, की मीच म्हटलं, मरेल हं.
मग गुडघाभर पाण्यात शिरून
सोडला.

रात्री डब्यातला राजमा. तिरफळं घालून. वाईट लागला.

तंबूची चेन ओढली, कंदील विझला,
बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज :
‘तेचो सोनेरी होतो.’