त्रयस्थ

खाकी लिफाफा, आत टंकलेला कागद:
आपल्या प्रकरणाची माहिती मागवण्यात आली असून
आपण त्रयस्थ पक्ष असल्याने
दहा दिवसांत आपले म्हणणे मांडावे.

त्रयस्थ म्हणजे तिसरा.
पहिला, ज्यानं मागितलं तो.
दुसरं सरकार.
माझ्याच फायलीत मी तिसरी.

फाईल म्हणजे काय, तर
ससूनच्या खिडकीबाहेर घालवलेले तीन बुधवार.
पहिल्या बुधवारी एका शिकाऊ डॉक्टरनं
वर न बघता विचारलं,
"आंघोळ स्वतःची स्वतः करता का?"
मागे रांग होती, रांगेला कान होते.
मी हो म्हटलं
आणि त्या एका हो-पायी टक्के कमी भरले.
तिसऱ्या बुधवारी खरं सांगितलं.
ते खरं आता पान सतरावर आहे, शिक्क्यासह.

पान चारवर कर्ज, चार लाख बारा हजार.
कोथरूडचं कॉलेज, पाचव्या सत्रात सुटलेलं.
पान नऊवर जामीनदार म्हणून मामांची सही,
शाई संपत आलेल्या पेनाची, दोनदा गिरवलेली.
पान सतरावर आजाराचं नाव.
ते इथेही एका ओळीत होतं.
मी खोडलंय.

मामांना बँकेनं एवढंच कळवलं, की खातं बंद झालं.
त्यांना वाटतं मी शिकवण्या घेऊन फेडलं.
दिवाळीत फराळाच्या ताटावर सांगतात,
"आमची पोरगी कुणाची मिंधी नाही."
मी तेव्हा चकली मोडत असते,
खूप बारीक.

सातव्या दिवशी कचेरीत गेले.
ज्यांनी माहिती मागितली ते बाकावर बसले होते.
पत्रात त्यांचं नाव पूर्ण होतं, घर नंबरासकट.
इथे लिहीत नाही.
शेजारी त्यांची मुलगी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत दोनदा परत आलेला अर्ज.
का परत आला, ते कुणी सांगितलं नव्हतं.
"खोटे दाखले काढून माफी लाटतात लोक," ते म्हणाले,
मलाच.
"तुमचंही असंच अडकलंय का?"
मी म्हटलं, "हो, असंच."
मुलगी माझ्याकडे बघत राहिली.
तिला कळलं असावं. तिला रांगेची सवय होती.

मग उभ्याउभ्या, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून
म्हणणं लिहिलं:
रक्कम द्या. साल द्या.
कुठल्या नियमानं माफ झालं तो नियम द्या, ठळक अक्षरात द्या,
त्यांच्या मुलीला लागू पडत असेल तर पडू दे.
नाव नको.
सतरावं पान नको.
मामांची सही तर नकोच नको.

मुलाणी भाऊसाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
झेरॉक्सवरच्या माझ्या नावावर काळा स्केचपेन फिरवला,
शाळेतली मुलं नकाशातला समुद्र रंगवतात तसा.
मी कागद ट्यूबलाइटसमोर धरला.
काळ्याच्या पोटात माझं नाव,
आईनं ठेवलेलं, वेलांटीसकट.

"थांबा," ते म्हणाले.
"खोडलेल्याची परत झेरॉक्स काढायची असते.
तीच द्यायची. साहेब लोकांना हे माहीत नसतं."
मशीनखालून हिरवा उजेड सरकला.
कागद बाहेर आला, गरम.
पुन्हा उजेडाला धरला:
काळं. नुसतं काळं.

"आणि मूळ पान?"
"ते फायलीत. फाईल कपाटात."
"कपाटाला कुलूप?"
ते काही बोलले नाहीत.
फायलीची नाडी ओढली, सुरगाठ मारली,
माझ्याकडे एकदा बघितलं,
ती सोडली
आणि निरगाठ मारली.