नीरम

गाडीच्या कागदावर लिहिलंय : एकशे एकोणचाळीस किलो.
त्यात मी नाही.
मागची पेटी नाही, पेटीतलं पाणी नाही,
अल नहदाच्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मागवलेल्या
दीड-दीड लिटरच्या बारा बाटल्या नाहीत.

पडलो तेव्हा वेग शून्य होता.
हे कुणाला पटत नाही.
अख्खा शारजा पालथा घातला, कधी डगमगली नाही,
आणि इमारतीच्या दारात पाय टेकवताना
फरशीवरच्या चमचाभर वाळूवर
बूट सरकला
अन् ती म्हशीसारखी आडवी झाली,
सावकाश, विचार करून.

चालताना गाडी आपलं वजन विसरते.
थांबली की सगळं आठवतं तिला.

परकारचाचा, गॅरेजवाले, मूळचे दाभोळचे,
टाकीवर तळहात ठेवून ऐकत राहिले.
वाकलेला आरसा सरळ करताना म्हणाले,
"किती वजन ते विचारू नको. बसलंय कुठं ते बघ.
आमचा बाबा गलबतावर तांडेल होता.
नीरम तळाला, तोवर गलबत सरळ.
तू तर शिडाला धोंडे बांधून निघालास."

मग तेरा नंबरचा पाना.
पेटीची चौकट चार बोटं पुढे, तीन बोटं खाली.
पंधरा दिरहम. चहा त्यांचा.

आता पुढचं चाक रस्ता धरून असतं.
ब्रेक दाबला की पाणी पाठीशी येऊन थबकतं.
वळणावर आधी माझा खांदा जातो,
मग गाडी,
मग बाटल्या.
पूर्वी बाटल्या आधी जायच्या.

फक्त रात्री दीड वाजता, रिकामा परतताना,
पुलावर शमाल आडवा येतो
आणि हलकी झालेली गाडी
शेजारच्या लेनला हुंगायला लागते.
हँडल घट्ट धरावं तर जास्तच.

म्हणून सहा बाटल्या मी उतरवतच नाही.
रद्द झालेल्या ऑर्डरच्या आहेत, पैसे माझ्या पगारातून गेले.
पेटीच्या तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळून, आवळून.
जुलैपासून त्या पाण्याला प्लास्टिकची चव आली असणार.

खोलीतला वैजनाथ, उदगीरचा, गलबत न पाहिलेला,
खालच्या बर्थवरून विचारतो,
हे कुणासाठी वाहतोस रोज?
मी म्हणतो, नीरम.

तो गालातल्या गालात हसतो.
त्याला वाटतं, बाईचं नाव आहे.