पावाची गाडी

छावणीतल्या बेकरीनं विकायला काढलेली व्हॅन यांनी घेतली,
आत दोन फळ्या ठोकल्या, सिंक बसवलं,
खिडकीला माझ्या जुन्या इरकलीचा पडदा,
आणि निघायच्या आदल्या रात्री म्हणाले,
तुम्ही दोघी जा. मला आपला पलंग बरा.

म्हणून मी आणि प्रमिलावन्सं.
रामबागेतल्या शाळेत चौतीस वर्षं गणित,
आता वय एकाहत्तर, आणि हात स्टिअरिंगवर
दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखे.

बदनावरपर्यंत सोयाबीनचा भुसा उडत होता.
वायपर लावावा लागला, कोरड्या आश्विनात.
वर आभाळ धुऊन वाळत घातलेलं,
इस्त्री व्हायची होती अजून.

नव्या पांढऱ्या रंगाखालून
‘ताजा टोस्ट’ अजून वाचता येतं.
गावोगाव पोरं मागे धावली.
तिसऱ्या गावात वन्संनी करकचून ब्रेक दाबला,
दुकानातून टोस्टचे चार पुडे आणले
आणि व्हॅनच्या पायरीवर बसून विकले,
दोन रुपयांना दोन.
फुकट नको, म्हणाल्या, फुकट दिलं की उद्याही वाट बघतील.
एका मुलीकडे एकच रुपया होता.
तिला एक टोस्ट, आणि भागाकाराचं एक उदाहरण.

रतलामच्या पुढे द्राक्षांचा मळा.
मी मनात घड लटकवूनच आले होते,
काळे, थोडी धूळ बसलेले.
मिळाल्या काड्या.
तारांवर ताणलेल्या, कालपरवाच छाटलेल्या,
नुसती बोटं आणि पेरं.
राखणदार भागीरथ हसला,
अबी तो लकड़ी हे बाई, फागण में आजो.
छाटल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.
वन्संनी एक थेंब बोटावर घेतला, चाखला.
कसं लागतं?
पाणीच आहे, म्हणाल्या,
आणि मग किती तरी वेळ ते बोट तसंच वर,
वर्गात उत्तर येत असल्यासारखं.

भागीरथनं आमच्या दारात नाक घातलं.
खमीर की बास हे, तो म्हणाला,
आपणो माल बी इणीज से बणे.
इतकी वर्षं पाव खाल्ला मी, दुधात, चहात, तापात,
कधी सुचलं नाही की याचा एक भाऊ
पिंपात बसून वेगळाच धंदा करतो.
बाटली घेतली. वन्संनी ती कणकेच्या डब्यात खुपसली,
जणू यांना फोनमधून दिसणार होती.

रात्री ढोलावडच्या पाण्याकाठी थांबलो.
कोजागिरी होऊन दोन दिवस झालेले,
चंद्र एका बाजूनं जरासा कुरतडलेला.
बुडालेल्या झाडांचे शेंडे वर,
त्यांच्यावर पाणकावळे, पंख न मिटताच झोपी गेलेले.
स्टीलच्या वाट्यांत ओतली.
वन्सं म्हणाल्या, आमसुलाचं सार रुसलं
तर असं लागेल.
आणि वाटी पुन्हा पुढे केली.

साडेनवाला यांचा फोन.
गॅस बंद केला का? डास आहेत का? काय खाल्लंत?
टोस्ट, मी म्हटलं.
आणि?
टोस्टच.
वन्संनी पदर तोंडात कोंबला.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
नंतर अंधारात पुटपुटणं ऐकू आलं,
फाल्गुन म्हणजे कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ...
पेरांवर अंगठा फिरत होता.
बेरीज काही त्यांनी मला सांगितली नाही.

इंदूरला परत येऊन तीन दिवस झाले.
आज पहाटे पलंग रिकामा.
हे खाली गल्लीत, व्हॅनमध्ये, फळीवर,
पडदा वर खोचलेला,
समोर आपट्यांची भिंत, तिच्यावर ओल,
आणि हे त्या ओलीकडे बघत बसलेले.
मी चहा नेला.
धरणात पाणी किती आहे गं?
काठोकाठ, मी म्हटलं, जरा सरका.
बाहेर एक पोरगं येऊन उभं राहिलं,
मुठीत दोन रुपये.