तशीच भेग

कोरड्या पुलावर माझी जागा ओतियाच्या डावीकडे.
मी बटणं विकते. शिंपल्याची, पितळी, फौजी कोटांची,
आणि एक बरणीभर अशी
ज्यांची जोडी त्बिलिसीत कुठेच उरलेली नाही.
ओतिया विकतो दिवे, कॅमेरे, काट्याचमच्यांचे अर्धेमुर्धे संच.
पुलाखाली पाणी नाही,
पुलावर गिऱ्हाईकही बेताचंच.

एप्रिलात ती आली, थूरा, कोपनहेगनची.
ढगळ विजार, बापाचं वाटावं असं जाकीट,
त्याला एक बटण मुद्दाम वेगळ्या रंगाचं.
(ते मी आधी पाहिलं. चेहरा नंतर.)
तिने निळ्या काचेचा दिवा उचलला, ठेवला.
समोवाराला टिचकी मारून आवाज ऐकला, ठेवला.
मग ओतियाला म्हणाली, जरा उठता का?

त्याला वाटलं आपण वाटेत आहोत.
उठला, सरकला.
आणि ती त्याच्या स्टुलापुढे उकिडवी बसली,
लहान मुलाशी बोलायला बसावं तशी.

अक्रोडाचं लाकूड. बैठक मधोमध चिरलेली.
चीर टेलिफोनच्या लालपिवळ्या तारेने शिवलेली,
सात टाके, सातवा जरा तिरका.
हे डिझाइन कुणाचं, तिने विचारलं.
ओतियाने माझ्याकडे पाहिलं, मी बटणांकडे.

काय सांगणार?
वीज नसलेल्या हिवाळ्यांतला एक हिवाळा.
आधी जमिनीच्या फळ्या जाळल्या, मग कपाट,
मग पियानोचं झाकण, मग खुर्च्या ओळीने.
स्टुलावर कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला
आणि नाझिब्रोला म्हणाली, राहू दे रे,
टेकायला एक तरी असू दे.
फोन तसाही मुका होता. तार मोकळीच.
मोडलं, पण मोडीत गेलं नाही, एवढंच ते डिझाइन.

विकायचं नाही, तो म्हणाला.
म्हणजे, यात विकण्यासारखं आहे काय?
तिने ती घासाघीस समजून आकडा दुप्पट केला.

महिनाभर तो उभ्याने धंदा करत होता.
मग माझ्या नातवाच्या फोनवर फोटो आला:
पांढरी भिंत, आणि स्टुलावर उंच सुरई,
सुरईत एक वाळकी काडी.
बसलेलं कुणी नाही.
खाली ओतियाचं नाव, एखाद्या कारखान्याचं असावं तसं.
सोबत मागणी: आणखी सहा. तशीच भेग हवी.

सुताराकडून सहा कोरी स्टुलं आली.
मी तेव्हा त्यांच्या अंगणात होते, आलुबुखार निवडत.
पहिलं सरळ दुभंगलं.
दुसऱ्यात कुऱ्हाड रुतली ती निघेना.
तिसऱ्यावर नुसता ओरखडा, मांजराने काढावा तसा.
ओतिया घामाघूम. लाकडाला शिव्या, सुताराला शिव्या,
मग डेन्मार्कच्या राणीला, राणी आहे की नाही
ते न विचारताच.
नाझिब्रोला आलुबुखाराची बी थुंकून म्हणाली,
तेव्हा तू तोडायला गेला होतास.
आता जपून मारतोयस.

तो काही बोलला नाही. कुऱ्हाड पुसली,
बोटाने पातं तपासलं, उगीच.
टाके मात्र त्याने तिसऱ्यावरही घातले,
ओरखड्यावर, सातच. हाताला सवय.

चौथ्या स्टुलावर तो आता पुलावर बसतो.
धड, गुळगुळीत, चारही पाय सारखे.
घसरायला होतं, म्हणतो. दिवसातून तीनदा म्हणतो.
दुसऱ्या गावच्या पोरीबाळी येतात, दिवे बघत नाहीत,
त्याच्या बुडाखाली बघतात आणि पुढे जातात.

जोडी नसलेल्यांची बरणी मी पुढे सरकवलीय.
परवा एकीने भाव विचारला.
मी म्हटलं, विकायचं नाही,
आणि वाट पाहत बसले.