साडेपाचचं वाचन

सोनेगावच्या कुंपणाआड, करपल्या गवतावर
चार पायांवर उभी एक पांढरी पेटी.
दार उत्तरेला, पाठ उन्हाला.

मी दार उघडते.
गुडघ्यात वाकून डोळा नळीच्या पातळीला आणते.
वरून पाहिलं तर पारा खोटं बोलतो,
खालून पाहिलं तरीही.

आकडा वाचला.
रुमालानं कपाळ पुसलं, पुन्हा वाचला.
एका दशांशानं.
मुंगी आडवी झोपेल एवढं अंतर,
आणि बत्तीस वर्षांचा आकडा खाली गेला.

दिवसभर फोन.
निमजे काकू: "ढग येऊन राहिले म्हणता, बाई,
माझ्या कुरड्या ओल्या आहेत गच्चीवर.
दोन दिवस थांबवता येत नाही का?"
मोमिनपुऱ्याचे अख्तरभाई, ताट्यांत वाळा भरता भरता:
"मॅडम, नवतपा तर आत्ता लागला.
चाळीस कूलर पडून आहेत दुकानात.
थंडाव्याचं जरा जपून सांगा."
व्हरायटी चौकातला शिपाई
नुसता श्वास, मग हॉर्न, मग श्वास.
"कधी?"
एवढंच.

सगळ्यांना मी एकच शब्द दिला: शक्यता.
छत्तीसगडकडून ढगांचा एक पट्टा सरकतो आहे,
परवापासून पारा चार-पाच अंशांनी उतरण्याची शक्यता.
सरकारी शब्द. ना उशाला घेता येतो, ना पायथ्याशी.
तरी रात्री बाराला, चटके देणाऱ्या गच्चीवर
पाणी शिंपडून झालं की
माणसं तोच अंगावर ओढून झोपतात.

साडेसहाला धुर्वे साहेबांचा फोन.
हा रोजचा, मे महिनाभर.
वहीतला तो जुना आकडा त्यांच्या हातचा:
निळी शाई, साताच्या पोटात आडवी दांडी.
नातीला म्हणे निबंधात लिहायला लावलं होतं,
माझ्या आजोबांनी उन्हाचा विक्रम वाचला.
बाईंनी 'वाचला' खोडून 'केला' लिहिलं,
तर हे शाळेत भांडायला गेले.

"काऊन लांजेवार बाई, आहे ना अजून?"

त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता,
एक पातं कुठंतरी घासणारा.
एक दशांश. सांगितलं नसतं तरी
उद्या पेपरात आलंच असतं.
"नाही, सर."

बराच वेळ नुसतं ते पातं.
"दोनदा पाह्यलं?"
"दोनदा."
"घाम नाही ना पडला नळीवर?"
"नाही."
"मग लिहा. माझं खोडू नका, खाली लिहा."
आणि फोन ठेवता ठेवता, दुसऱ्याच आवाजात:
"बरं झालं. एकट्यानं किती दिवस सांभाळू मी."

सकाळी साडेआठ.
हा पारा आपणहून उतरत नाही.
नळीचा गळा आवळलेला असतो;
रात्र कितीही निवली तरी
काल दुपारी जिथं पोचला तिथंच धरून बसतो.
नळी मुठीत घट्ट धरायची, हात लांब करायचा
आणि झटकायची. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा हात वर नेला
तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला,
घामावर, काहीतरी लागलं.

वही उघडली.
वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पूर्व.
वेग: नगण्य.