ताण दिलेल्या ओळी

मोल्येरुसाच्या पुढे, कालव्याच्या डाव्या अंगाला
ब्लाय फुस्तेरची नाशपातीची बाग.
जूनमध्ये कालव्याच्या कचेरीतून कागद आला:
पाण्याची पाळी आता एकवीस दिवसांनी.
मिळाली तर.

ब्लायने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला
आणि बागेचे दोन भाग केले.
रस्त्याकडच्या अकरा ओळींना पुरतं पाणी,
आतल्या नऊ ओळींना निम्मं.
"दिसतात त्या तरी हिरव्या राहू देत,"
एवढंच बोलला,
आणि रात्री एकटाच दारं धरायला गेला.

मी त्याची भाची, केराल्त. शीतगृहात नोकरीला.
जुलैभर कामावरून सुटले की वाकडी वाट करून जायचे.
आतल्या झाडांची पानं कडेने मुडपलेली,
फळं वाढता वाढता मध्येच थांबून
काहीतरी ऐकत असल्यासारखी.
रस्त्याकडे मात्र लग्नघर.

बावीस ऑगस्टला तोडणी.
साठ मिलिमीटरच्या कड्यातून
आतल्या ओळींचं फळ खुशाल आरपार पडायचं.
ल्येइदाचा व्यापारी म्हणाला, "ही रसाला घेतो,"
आणि जो भाव सांगितला
तो मी इथे लिहीत नाही.
मामाने पेट्या गाडीत चढवू दिल्या नाहीत.
माझ्याकडे पाठवल्या, वरच्या फळीवर खडूने लिहून:
जागा असली तर ठेव.

जागा होती. चार नंबरच्या खोलीत,
शून्याच्या जरा खाली,
पंख्यांच्या अखंड घरघरीत
दोन्ही ओळींच्या पेट्या शेजारी शेजारी.

दर महिन्याला मी पाच पाच फळं काढायचे.
वजन करायचे, टोचणी दाबायचे,
काचेवर रसाचा थेंब ठेवून साखर वाचायचे.
नोव्हेंबरात रस्त्याकडच्यांच्या देठाशी सुरकुत्या.
जानेवारीत एक कापलं: वरून सोनं,
गाभा चहाच्या चोथ्यासारखा.
आतल्या ओळींच्या फळाला टोचणी लावली,
तर मनगट दुखलं.
साखर साडेपंधरा. मी काच पुसून पुन्हा वाचली.
लहानखुरं, जाड खरबरीत सालीचं, मुकाट फळ.
मोजून मिळालेलं पाणी
त्याने अंधारातही मोजूनच खर्चलं होतं.

इथे एक म्हण आपोआप तयार होऊ बघते.
तहानेने गोडी येते, असं काहीतरी.
मी ती मामाला फोनवर ऐकवलीही.
तो जरा वेळ गप्प राहिला.
"नवव्या ओळीतली दोन झाडं वाळली, भिंतीकडची.
त्यांना सांग जाऊन."

फेब्रुवारीत तो स्वतः आला.
पाहुण्यांसाठीचा जाड कोट घालायला दिला, तो नको म्हणाला.
पेटीतून एक उचललं, बाहीला पुसलं,
सुरी मागितली नाही.
चावल्याचा आवाज पंख्यांवरून ऐकू आला.
हनुवटीवरून रस ओघळला, तो त्याने तसाच राहू दिला.

"रस्त्याकडची किती फेकलीस?"
"चौदा पेट्या."
मान हलवली. दुसरं उचललं.
"येत्या जूनमध्ये पुन्हा कागद आला,
तर कुठल्या ओळींना द्यायचं?"

माझ्याकडे सहा महिन्यांचे आकडे होते, वहीत, तारखेवार.
मी वही उघडली,
आणि तो उत्तराची वाट न बघता
देठ खिशात टाकून
दाराकडे निघाला होता.