तीनशे चौदाचा पलंग

माथुर साहेबांच्या खिशात
स्टीलची सहा इंची पट्टी असायची.
उशीपासून चादरीची दुमड चार इंच.
साडेचार झाली तर ओरडत नसत,
पट्टी तिथेच ठेवून निघून जात,
आणि ती परत करायला आपण
तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्या केबिनपर्यंत उतरायचं.
त्या जिन्यात माझी आठ वर्षं गेली.

वाईट नव्हते. खोटं कशाला बोलू.
गोदेला पूर आला त्या रात्री
स्वतःची गाडी काढून चौघींना सातपूरला सोडलं,
आणि माझ्या छत्रीची वाकलेली काडी
सरळ करून दिली.
अगदी सरळ.
पण ते लॉबीत आले की
फुलदाणीतली फुलंही पोट आत घ्यायची.
खोल्या चकचकीत, तक्रारी शून्य,
चुकासुद्धा त्याच त्या, पाठ झालेल्या.

मग नाफडे मॅडम आल्या.
पहिल्याच दिवशी विचारलं,
सूचनापेटीची किल्ली कुठाय?
कुणालाच माहीत नाही.
कॅन्टीनच्या घड्याळाखालची ती पेटी,
आम्ही तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवायचो.
मेन्टेनन्सच्या धोंगड्यांनी बिजागरी उचकटली.
आत बडीशेपेची रिकामी पुडी,
‘पगार वाढवा’, बिनसहीचं,
आणि एक चौपदरी घडी, माझ्या अक्षरात:
‘३१४ मध्ये पलंगाची पाठ धरणाकडे आहे.
पाहुणा उठतो तो भिंत बघत.
पलंग फिरवावा.
व्ही. पिंगळे, हाउसकीपिंग.’

लिहिल्याचं मी विसरले होते.
घाबरल्याचं आठवत होतं.

मॅडमनी मोठ्यांदा वाचलं. माझी कानशिलं तापली.
‘चला, फिरवू.’
मी म्हटलं, ‘त्या बाजूला प्लग नाहीये.’
‘मग?’

हे ‘मग’ मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

पलंग फिरवताना फरशीवर हातभर ओरखडा उठला.
पहिल्याच पाहुण्यानं लिहिलं,
चारनंतर ऊन थेट तोंडावर येतं.
म्हणजे माझं अर्धं चुकलंच होतं.
मॅडम म्हणाल्या, अर्ध्याचं बघू,
आणि पडदेवाल्याला फोन लावला.

त्या हिवाळ्यात सगळ्यांनाच तोंड फुटलं.
किचनच्या पोरांनी नागलीचा केक केला, तो बसला,
तीन दिवस आम्हीच चहात बुडवून संपवला.
बेदाण्याचं लोणचं मात्र मेन्यूवर चढलं.
रात्रपाळीचा इस्माईल म्हणाला,
लिफ्टमधलं ते बासरीचं संगीत बंद करा,
लोक झोपेतून उठल्यासारखे बाहेर पडतात.
बंद केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता मी सुपरवायझर.
दिवाळीत लागलेली करुणा गांगुर्डे, गंगावऱ्ह्याची,
टॉवेलची घडी घालत नाही,
गुंडाळी करून टोपलीत उभे लावते,
तिच्या घरी भाकरीची फडकी लावतात तसे.
‘असं नाही’
माझ्या तोंडून निघालं,
आवाज माझा नव्हता.
हात ॲप्रनच्या खिशात गेला.
पट्टी तिथेच आहे.
साहेबांच्या शेवटच्या दिवशी
ती ३१४ च्या उशीवर राहिली होती,
मी जिना उतरून गेले तेव्हा
केबिन रिकामी.

करुणा थांबली. टॉवेल अर्धा गुंडाळलेला.
मान खाली. धरणावर धुकं.

‘मग?’ मी म्हटलं.
जरा कोरडंच निघालं.